मिरगाची ओल आणि मोडीचे रुमाल

आमच्या पेडण्याच्या घरात मिरग जवळ आल्याची बातमी आकाशातून येण्याआधी मिठाच्या बरणीतून यायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी आजी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगे, "मीठ पाझरले रे!" आणि मग दोन-चार दिवसांत खरोखरच हरमल-मोरजीच्या बाजूने काळे ढग चालून येत. लहानपणी मला ही आजीची काहीतरी गुप्त विद्या वाटायची. पुढे कळले की हे साधे पदार्थविज्ञान आहे. हवा तिच्या त्या वेळच्या तापमानाला जेवढे पाणी वाफेच्या रूपात पेलू शकते, त्याच्या शेकडा किती पाणी तिच्यात आहे तो आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. हा आकडा ७५च्या वर गेला की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळू लागते. त्यातून आमचे मीठ आगरवाड्याच्या मिठागरातले, जाडे आणि करडे. त्यात इतर क्षार मिसळलेले असल्याने ते थोडे आधीच घाम फोडायचे. म्हणून आजीचा अंदाज वेधशाळेच्या दोन पावले पुढे असे!

वाचकहो, गोव्यातल्या उकाड्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण आपला खरा जुना वैरी उकाडा नव्हे, ओल आहे. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि जुलैत दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांवर अडून बसलेली आर्द्रता. या ओलीशी आपल्या लोकांनी शतकानुशतके झुंज दिली. मग यंत्रे आली आणि आपण ती झुंज यंत्रांवर सोपवली. ती कशी सोपवली आणि त्यात आपण काय विसरलो, ते सांगण्यासाठी मला आमच्या घरातल्या काही जुन्या कागदांची गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या घरी मोडी कागदांचे सात रुमाल होते. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे! जुन्या काळी दप्तरातले कागद लाल कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. जमाखर्चाच्या वह्या, खंडाच्या पावत्या, देवस्थानाच्या हिशेबाच्या नकला, सावंतवाडीकडून आलेली काही पत्रे. आजकालच्या मुलांना आश्चर्य वाटते की गोव्यात मोडी कशी? पण पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांकडे आले ते १७८१ ते १७८८च्या दरम्यान. पेडणे तर त्यात शेवटचे, १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेलेले. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत तोवर पोर्तुगीज अंमलाला अडीचशे वर्षे होत आली होती. आमच्या नव्या काबिजादींत मात्र व्यवहाराची भाषा मराठी आणि लिपी मोडी होती. पोर्तुगिजांनीही इथले रीतिरिवाज बव्हंशी चालू ठेवले आणि राज्य बदलल्यावरही घराघरांत मोडीतच लिहिणे चालू राहिले. पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांत आजही असे रुमाल असतील. असतील म्हणजे, ओलीने ठेवले असतील तर.

हे रुमाल आमच्या घरात शे-दीडशे वर्षे टिकले कसे, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. घर जुने, चिऱ्याचे आणि मातीचे. जोते कमरेइतके उंच, मधोमध राजांगण, वर कौले. मंगळूरी कौले आपल्या किनाऱ्यावर पसरली ती बासल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यानंतर, त्याआधी हाताने थापलेली नळीची कौले असत. दोन्ही प्रकारांत एक गुण समान होता. कौलांच्या सांध्यांतून घर श्वास घेई. खाली चूल पेटलेली असे, तिची ऊब आणि धूर वर चढे आणि कौलांतून निघून जाताना माळ्यावरची ओल सोबत घेऊन जाई. त्या चुलीवरच्या माळ्यावर आमच्या घरातल्या सगळ्या मोलाच्या वस्तू असत. बियाणे, आमसुले, सुकी मासळी आणि एका कोपऱ्यात शिसवी पेटीत हे सात रुमाल. धुराने पेटी काळी ठिक्कर पडली होती. आत कडुनिंबाचा पाला आणि वेखंड.

पावसाळ्यापूर्वीचा पुरुमेंत आपल्याला ठाऊक आहे. वैशाखात अंगणात एका बाजूला मिरच्या, एका बाजूला पापड, एका बाजूला कोकमे. तसेच आमच्याकडे एक दिवस रुमालांचा असे. आजोबा रुमाल सोडून कागद खळ्यात पसरायचे, पण थेट उन्हात नव्हे, मांडवाच्या सावलीत. ऊन लागले तर कागद भाजतो, वारा लागला तर वाळतो, असे ते म्हणत. संध्याकाळी दव पडण्याच्या आत सगळे पुन्हा बांधून पेटीत. मग पश्चिमेच्या भिंतीला चुडतांचे झाप लावले की घर पावसाला तयार. तान्ह्या मुलांची दुपटीदेखील पावसाळ्यात निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायची. एकूण काय, चार महिने घरात सतत काहीतरी वाळत असायचे आणि कुणीतरी सतत त्यावर लक्ष ठेवून असायचे. हे लक्ष ठेवणे महत्त्वाचे. पुढे त्याकडे मी परत येणार आहे.

आमच्या घरात जे सात रुमालांचे, तेच मोठ्या प्रमाणावर पणजीच्या दप्तरखान्याचे. गोव्याचा दप्तरखाना १५९५ सालचा. राजा फिलिपने त्याच्या स्थापनेचा हुकूम काढला आणि पहिला दप्तरदार म्हणून इतिहासकार दियोगु दु कोउतु याला नेमले. तिथल्या सर्वांत मोलाच्या खंडमालिकेचे नावच 'मोन्सोंइश दु रैनु', म्हणजे मोसमी ग्रंथ! लिस्बनहून जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर येत, त्यांतून आलेली राजाची पत्रे आणि थंडीच्या दिवसांत परतीच्या जहाजांतून गेलेली उत्तरे यांचे हे बांधलेले खंड. ज्या मोसमी वाऱ्यांनी हे कागद गोव्यात आणले, त्याच वाऱ्यांबरोबर येणाऱ्या ओलीने पुढची चार शतके ते पोखरले, हा योगायोग मला नेहमी चटका लावतो. पोर्तुगीज कागदांना तर घरातलाच शत्रू होता, तो म्हणजे त्यांची शाई. मायफळ आणि हिराकस यांची ती लोहयुक्त शाई आम्ल धरते आणि हवा दमट असली की कागदाला खाते. अशा कागदावर अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके पडलेली दिसतात. आपली मोडीची शाई काजळीची. ती कागद खात नाही. मात्र पाणी लागले की विरघळून पसरते. म्हणजे एकाला ओल आतून मारते, दुसऱ्याला बाहेरून.

या दप्तरखान्याला नवा जीव दिला तो सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी (१८९४-१९६९). पोर्तुगीज आमदनीत सुमारे तीस वर्षांचा काळ हा माणूस या कागदांत बसून होता. १९५५ साली त्यांनी या दप्तरांची मार्गदर्शिका पोर्तुगीज भाषेत छापली आणि पुढे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठीत लिहिला. शिवकाळ आणि पेशवाईबद्दल पोर्तुगीज दप्तरात काय आहे, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे कळले. मला त्यांच्या विद्वत्तेइतकेच कौतुक वाटते ते या गोष्टीचे की, इतक्या पावसाळ्यांतून ते कागद वाचण्याजोगे उरले.

आमचे कागद तितके नशीबवान नव्हते. १९९४ साली आमच्या घराची डागडुजी झाली. डागडुजी कसली, अर्धे घर पाडून सिमेंटचा स्लॅब घातला. चूल गेली, गॅस आला. माळा गेला. शिसवी पेटी कुणालातरी दिली आणि रुमाल ठेवले पोलादी कपाटात. चोर, उंदीर, वाळवी कसली म्हणून भीती नाही, असे वाटून आम्ही सगळे निर्धास्त. पहिल्या पावसाळ्यात कपाटाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले. वाटले, गळते आहे. स्लॅब गळत नव्हता. रात्री पत्रा थंड होई आणि बंद कपाटातली दमट हवा त्या पत्र्यावर घाम बनून बसे. आजोबा तोवर गेले होते आणि वैशाखात रुमाल सोडायची पद्धतही त्यांच्याबरोबर गेली होती. तीन वर्षांनी मी कपाट उघडले तेव्हा सातांपैकी चार रुमालांची एकसंध, काळपट, बुरशीची वीट झाली होती. पाने सुटेनात. सुटली ती हातात चुरा होऊन आली. त्यांत काय लिहिले होते हे मला आता कधीच कळणार नाही, कारण मला त्या वेळी मोडी वाचता येत नव्हती आणि ज्यांना येत होती त्यांना आम्ही कधी विचारले नाही.

राहिलेल्या तीन रुमालांसाठी मला कुणीतरी सुचवले, वातानुकूलित खोलीत ठेवा. आणि इथून या गोष्टीत यंत्र येते.

वातानुकूलन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गारवा येतो. पण हे यंत्र जन्माला आले ते माणसाला गार वाटावे म्हणून नव्हे, कागदासाठी! १९०२ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. रंगीत चित्रे छापताना एकेक रंग वेगवेगळा छापत. पहिला रंग छापल्यावर दुसरा छापेपर्यंत उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद किंचित फुगे आणि दुसरा रंग पहिल्यावर बरोबर बसत नसे. विलिस कॅरियर नावाच्या २५ वर्षांच्या अभियंत्याला हे काम दिले गेले. त्याने थंड पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यांवरून हवा सोडण्याचा आराखडा केला. थंड नळ्यांवर हवेतले पाणी गोठून नव्हे, तर थेंब होऊन गळून पडते आणि हवा कोरडी होते. जुलै १९०२ मधला तो आराखडा हा आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ मानतात. त्याचे उद्दिष्ट होते वर्षभर ५५ टक्के आर्द्रता. गारवा हा त्यात आनुषंगिक लाभ. मला हे प्रथम वाचल्यावर हसूही आले आणि वाईटही वाटले. कागदाला ओलीपासून वाचवायला निघालेले यंत्र आपण शंभर वर्षे घामाला गार करायला वापरतो आणि कागद मात्र पोलादी कपाटात कोंबतो.

'एअर कंडिशनिंग' हा शब्द त्याच्याही नंतरचा आणि तोही गारव्याचा नाही. तो १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी माणसाने वापरला, कापडगिरण्यांच्या संदर्भात. गिरणीत उलटा प्रश्न असतो. हवा कोरडी झाली की सुताचा धागा ताठ होऊन तुटतो, म्हणून तिथे हवेत पाणी घालावे लागते. मुंबईच्या गिरणगावात साळखात्यात राबणारे आपल्या कोकणातले हजारो चाकरमानी त्या दमट, चिकट हवेत दिवस काढत. आपल्या गावची ओल सोडून मुंबईला गेले, तर तिथे मालक यंत्राने ओल तयार करतो आहे! सुखासाठीचे वातानुकूलन मुंबईत सर्वसामान्यांना दिसले ते सिनेमागृहांत. १९३३ साली उघडलेले रीगल हे देशातले पहिले वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून ओळखले जाते. गोव्यात मुक्तीच्या वेळी, म्हणजे १९६१ साली, बहुतेक गावांत वीजच नव्हती. तेव्हा आपल्याकडे या यंत्राचा इतिहास त्यानंतरचा, आधी हॉटेले आणि कचेऱ्या आणि मग औद्योगिक वसाहतींतले औषधांचे कारखाने.

माझे आजोळ डिचोलीचे आणि माझे मामा अशाच एका औषधांच्या कारखान्यात तीस वर्षे प्लँटवर होते. प्लँट म्हणजे हवेचा प्लँट. मामा रोज डिचोलीहून स्कूटरने जायचे, पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. लहानपणी मामा काय करतात असे विचारले की आजी सांगायची, "तो वारा करतो." मामांना हे आवडत नसे. ते म्हणत, वारा कुणीही करील, पंखा लावला की झाला. "थंड करप सोंपें, सुकें दवरप कठीण." थंड करणे सोपे, कोरडे ठेवणे अवघड.

आणि ते किती अवघड, हे त्यांनी मला एकदा आकड्यांत दाखवले. जुलैतली आपली बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के धरा. एक किलो हवेत २१ ग्रॅमच्या वर पाणी असते. आत हवी २४ अंश आणि ५० टक्के, म्हणजे किलोमागे ९ ग्रॅमच्या आसपास पाणी. बाकीचे १२ ग्रॅम काढून टाकायचे. खोलीत माणसे काम करतात म्हणून बाहेरची ताजी हवा घेणे भाग असते. मिनिटाला हजार घनफूट घेतली, आणि कारखान्याच्या मानाने हे काहीच नव्हे, तरी तासाला सुमारे २४ लिटर पाणी हवेतून पिळून काढावे लागते. चोवीस तास, चार महिने. कॅप्सूलचे जिलेटिन दमट हवेत मऊ होऊन एकमेकांना चिकटते. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या तर ओल लागली की डबीतच फसफसू लागतात. त्यांच्यासाठी २० टक्क्यांपर्यंत खाली उतरावे लागते.

तेवढे कोरडे नुसत्या थंड नळ्यांनी होत नाही. मग चाक लागते. मामा या चाकाबद्दल बोलू लागले की थांबत नसत. मधाच्या पोळ्यासारखी भोके असलेले एक मोठे चाक, त्याच्या अंगभर सिलिका जेल, म्हणजे बुटांच्या खोक्यात छोट्या पुडीत येते तेच. चाक अगदी सावकाश फिरते, तासाभरात दहा-वीस फेरे. त्याच्या पाऊण भागातून खोलीची हवा जाते आणि पाणी चाकात सोडून कोरडी होऊन बाहेर पडते. उरलेल्या पाव भागातून १२०-१४० अंशांची तापलेली हवा सोडतात, ती चाकातले पाणी घेऊन छपरावर निघून जाते. असे चाक एकीकडे पीत असते आणि दुसरीकडे वाळत असते. मला हे ऐकताना आमची चूल आणि माळा आठवला. खालून ऊब, वरून ओल बाहेर. मामांना सांगितले तर म्हणाले, "तेंच तें. पूण तुजी आजी लॉग बूक बरयनासली." तेच ते, फक्त आजी नोंदवही लिहीत नव्हती एवढेच.

नोंदवही हे मामांचे खरे दैवत. दर दोन तासांनी फेरी. थंड पाणी चिलरमधून ७ अंशांवर निघते आहे का, परत १२वर येते आहे का. पंख्याचा पट्टा सैल पडला का. गाळण्या तुंबल्या का, कारण गाळणी तुंबली की हवा कमी वाहते. थंड पाण्याच्या नळांवरचे वेष्टण कुठे फाटले का, कारण जुलैत अर्ध्या वितीएवढी जागा उघडी राहिली तरी नळ घामाघूम होतो आणि आतले सगळे वेष्टण कुजते. निचऱ्याचा वाकडा पाइप, जिथे गळलेले पाणी जाते, तो तर रोज पाहायचा. तो शेवाळाने बुजला की पाणी परळातून उलटून खालच्या छतावर. आर्द्रता मापायला जुन्या काळी दोन तापमापक असत, एक कोरडा आणि एकाच्या पाऱ्यावर ओली वात. ती वात मळली किंवा पाणी क्षाराचे असले की आकडा खोटा येतो. पुढे विजेवरचे मापक आले, पण मामांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ते महिन्याला एकदा काचेच्या बरणीत ओले मीठ घालून मापक त्यात कोंडून ठेवत. दहा-बारा तासांनी आकडा ७५ यायलाच हवा. आजीच्या मिठाच्या बरणीची जोडणी मला तिथे कळली.

(जाता जाता एक गंमत. आपण 'दीड टनाचा एसी' म्हणतो तो टन यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी यंत्राची ताकद. यंत्राने थंडी तयार होण्याआधी थंडी म्हणजे बर्फ होता. अमेरिकेतल्या तळ्यांतून कापलेला बर्फ भुशात गुंडाळून १८३३ साली कलकत्त्याला उतरला होता. त्या काळाची खूण आपल्या बिलांवर अजून आहे.)

आता ते तीन रुमाल. २००९ साली मी ते एका संस्थेला दिले. संस्थेचे नाव घेत नाही, माणसे भली होती आणि त्यांनी नवीन खोली तयार केली होती. पांढऱ्या भिंती, पोलादी मांडण्या, दोन मोठे एसी. मी उद्‌घाटनाला गेलो तेव्हा थंडीने शहारलो. वाटले, आता काळजी नाही. जुलैमध्ये सहज एका सकाळी लवकर गेलो. शिपायाने कुलूप काढले आणि आत पाऊल टाकताच माझ्या चष्म्यावर धुके बसले. मांडण्यांच्या पत्र्यावर थेंब. माझ्या रुमालाचे लाल कापड खालच्या बाजूने ओले आणि रंग कागदात उतरलेला. चौकशी केली तेव्हा कळले की, साडेपाचला कचेरी सुटली की एसी बंद करतात, विजेचे बिल वाचावे म्हणून. आणि खोलीत कोंदट होऊ नये म्हणून झरोके उघडे ठेवतात.

मी संध्याकाळी डिचोली गाठली. मामा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. ऐकून ते रागावले नाहीत, नुसते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, यापेक्षा एसी नसता तर बरे झाले असते. दिवसभर भिंती, पत्रा, कागद सगळे २२ अंशांवर थंड केले. रात्री झरोक्यातून बाहेरची हवा आत घेतली. ती हवा २५ अंशांच्या खाली कशालाही टेकली की पाणी सोडणारच. थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटते ना, तसे. म्हणजे तुम्ही रोज रात्री कागदांना दव घालता. शिवाय यंत्र गरजेपेक्षा मोठे घेतले आहे. ते दहा मिनिटांत खोली गार करते आणि थांबते, म्हणजे पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. थांबल्यावर पंखा चालूच राहतो आणि नळ्यांवरचे पाणी पुन्हा खोलीत पसरवतो.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर आले. त्यांनी कुणाला नावे ठेवली नाहीत. एक एसी बंद करायला लावला. तापमान २६वर ठेवायला सांगितले, कागदाला तेवढे चालते. झरोके बुजवून घेतले. दाराच्या फटीला रबर लावले. मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या. ओल काढणारे छोटे यंत्र आणवले आणि ते रात्रंदिवस चालू राहील याची लेखी कबुली घेतली. कागदांवर बुरशी धरते ती साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर, तेव्हा ५०च असावे असा हट्ट नको, ६०च्या खाली राहू दे, पण रात्री आणि दिवसा सारखेच राहू दे, असे त्यांनी तिथल्या तरुण कारकुनाला तीनदा सांगितले. आणि एक वही आखून दिली. तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, बादली किती भरली, सही. कारकून म्हणाला, सुट्टीच्या दिवशी कोण लिहिणार? मामा म्हणाले, सुट्टी तुला आहे, हवेला नाही.

ती वही दोन वर्षे व्यवस्थित लिहिली गेली. मग तो कारकून बदलून गेला. नव्याला वहीचे कारण कुणी सांगितले नव्हते. बादली भरून वाहू लागली की यंत्र आपोआप बंद पडते. ते एकदा तसे पडले, पुन्हा कुणी चालू केले नाही. माझ्या तीन रुमालांपैकी एक त्या पावसाळ्यात गेला. उरलेले दोन मी परत मागून आणले. माझी तक्रार त्या संस्थेबद्दल नाही. यंत्राला पैसे मंजूर होतात, उद्‌घाटन होते, फोटो छापून येतो. रोज बादली ओतणाऱ्या माणसाची जागा मात्र कागदोपत्री नसते.

परवा मी मामांना घेऊन मोपाच्या सड्यावरून गेलो. ११ डिसेंबर २०२२ला तिथल्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३पासून विमाने उडू लागली. त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही उद्‌घाटन झाले होते. आमच्या लहानपणी मोपाच्या सड्यावर गुरे चरायची. मामांनी त्या काचेच्या इमारतीकडे पाहिले आणि विचारले, हिचा प्लँट कुठे असेल? मी म्हटले, तुम्हाला विमाने दिसत नाहीत का? ते म्हणाले, विमान चुकले तर दुसरे मिळते. मग बराच वेळ ते हिशेब करत होते, एवढी माणसे, एवढी दारे सतत उघडझाप, जुलैची हवा, तासाला किती पाणी. पेडण्यातली आयटीआय शिकलेली पोरे तिथे प्लँटवर लागली असतील का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. मला उत्तर ठाऊक नव्हते.

उरलेले दोन रुमाल आता माझ्या खोलीत आहेत. मोडी मी उतारवयात शिकलो, निम्मे वाचून झाले आहेत. बरेचसे भाताच्या खंडाचे हिशेब, एका पत्रात मात्र कुणीतरी पावसाने कोठार भिजल्याची तक्रार केली आहे आणि खंडात सूट मागितली आहे. सूट मिळाली की नाही ते पुढच्या पानावर असणार आणि पुढचे पान गेलेल्या रुमालांत असावे. कोपऱ्यात ओल काढायचे यंत्र चालू आहे. पावसाळ्यात त्याची टाकी मी सकाळ-संध्याकाळ रिकामी करतो, दिवसाला सात-आठ लिटर पाणी निघते. कपाटात रुमालांशेजारी काचेच्या वाटीत आगरवाड्याचे जाडे मीठ ठेवले आहे. सकाळपर्यंत ते कोरडे होते. आता तासाभरापूर्वी वीज गेली आहे आणि बाहेर सर आली आहे. दाराखालच्या फटीत एक जुने लुगडे गुंडाळून सारतो आणि मग मामांना फोन करतो.